हळू केलेला पंखा

देवेश मला आधी ऐकू आला, दिसला नंतर. काल्हेरच्या आमच्या कापडाच्या गोदामात ऑफिस म्हणजे प्लायवूडचं अर्धं पार्टिशन. पलीकडे ट्रान्सपोर्टवाल्यांचं टेबल. कामाच्या पहिल्याच दिवशी तिथून कुणीतरी ड्रायव्हरला फोनवर सांगत होतं, "जेवलास का? आधी जेव, मग गाडी काढ." इतक्या मऊ आवाजात! मी वाकून पाहिलं, त्यानेही नेमकी मान वर केली... आणि मी उगाचच पेन शोधू लागले.

ही दोन हजार आठची गोष्ट. शेठच्या जुन्या लॅपटॉपचा पंखा दिवसभर घरघरायचा, त्यात देवेशचं बोलणं बुडून जायचं. कॉम्प्युटरच्या मासिकासोबत आलेल्या सीडीत पंख्याचा वेग कमी-जास्त करायचं सॉफ्टवेअर सापडलं. मी ते गुपचूप टाकलं आणि वेग अगदी तळाला नेला. पंधरा दिवस नुसती चैन!

आणि मग एके दिवशी भरदुपारी लॅपटॉप तव्यासारखा तापला नि फट्कन बंद पडला. कुठले तागे कुठल्या गाडीत जाणार, सगळं त्यातच. ही नोकरी गेली तर बाबा मला पुन्हा कामासाठी उंबरा ओलांडू देणार नव्हते.

केसरीनाथ शेठ मात्र देवेशवरच उखडले. गेल्या महिन्यात लॅपटॉपमध्ये अँटिव्हायरस त्यानेच बसवून दिला होता ना! "तूच कायतरी करून ठेवलंस. थांब, तुझ्या मालकालाच फोन लावतो."

देवेशने लॅपटॉप उलटा केला. मागचं झाकण उघडून त्याने पंख्यात अडकलेला कापसाचा पुंजका ब्रशने काढला, लॅपटॉप थंड होऊ दिला आणि बटण दाबलं. स्क्रीन उजळली, यादी जागेवर होती... आणि कोपऱ्यात माझं सॉफ्टवेअर. त्याने ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच बंद करून टाकलं.

"कापसामुळे झालं, शेठ."

"कापूस त रोजच हाय! आजच कसा बंद परला?" शेठनी फोन उचलला.

"शेठ, मी केलं..." मी टेबलापुढे आले. "पंखा मी हळू केला."

"का गं?"

"आवाज फार व्हायचा... पलीकडचं ऐकू यायचं नाही."

"पलीकडं ऐकण्यासारखं हाय काय?"

मी मान खाली घातली. शेठनी एकदा पार्टिशनकडे पाहिलं, एकदा देवेशच्या लाल झालेल्या कानांकडे. "परत हात लावलास त घरी बसवीन," असं म्हणून ते गाडी भरून घ्यायला गेले.

देवेशने माऊस सरकवला. "आता साठ डिग्रीच्या वर गेला की पंखा आपोआप जोरात फिरेल. माझं बोलणं नाही ऐकू येणार तुम्हाला."

"मग...?"

"मग — दुपारचा डबा घेऊन मी इकडेच येत जाऊ?"

पंखा घरघरू लागला. शेठ दाराशीच होते, घरी बाबा होते, भीती तशीच होती.

"काय म्हणालात?" मी विचारलं. ऐकू आलं होतं, तरी.

तो जवळ आला, वाकला आणि तेच पुन्हा म्हणाला.