टिल्लू राहिलाय

उंचवाडीतल्या मुलांना झाडावरून पडल्याचं आठवतं. झाडावर मात्र त्यांतलं कुणीच कधी चढलेलं नाही. करवंदाचा चीक बोटांना कसा चिकटतो, तापल्या कातळावर अनवाणी पाय पडला की टाच कशी उचलायची, लांबचा डोंगर कितीही धावलं तरी कसा लांबच राहतो, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. हे त्यांना झोपेत मिळतं.

उंचवाडी म्हणजे माळावर उभ्या केलेल्या बंद इमारतींची वसाहत. तिची दारं बाहेर उघडत नव्हती असं नाही. उघडत होती. पण ऊन कडक, धूळ फार, आईबापांना वेळ नाही. होता होता दार उघडायची सवयच मोडली. मग डॉक्टरांच्या लक्षात आलं की इथली मुलं सपाट जमिनीवर अडखळतात, लांबचं बघताना डोळे बारीक करतात, वाऱ्याच्या आवाजाला दचकतात. कोवळ्या मेंदूला रोज थोडं आभाळ लागतं. तोल, अंतर, धिटाई या गोष्टी कुणी सांगून येत नाहीत. त्या तळपायांतून, डोळ्यांतून, खरचटलेल्या गुडघ्यांतून वर चढत जातात.

त्यावर तोड निघाली ती ‘अंगणठशा’ची. बाहेर खेळणाऱ्या मुलाच्या मेंदूत उठणाऱ्या लहरी टिपून ठेवायच्या आणि एका मऊ टोपीतून त्या झोपलेल्या मुलाच्या मेंदूवर हलकेच उमटवायच्या, ओल्या मातीत पाऊल उमटावं तशा. मूल पलंगावर, अंगण डोक्यात. आईबाप सुखावले.

वृंदाही सुखावली होती. ती इमारतीच्या हवाघरात कामाला होती. बाहेरची हवा गाळून आत सोडायची, हे तिचं काम. एकदा जाळीत एक वाळकं पान अडकलेलं सापडलं, ते तिनं गंमत म्हणून घरी आणलं. तिच्या पाच वर्षांच्या पालवीनं ते चुरगाळलं, नाकाशी धरलं.

“जांभळाचं आहे. ह्याच्याखाली आम्ही बसायचो.”

“आम्ही म्हणजे कोण गं?”

“मी न् टिल्लू.”

वृंदाच्या ओळखीत टिल्लू नावाचं कुणीच नव्हतं. ते पान तिला एकाएकी परक्या घरातून उचलून आणल्यासारखं वाटलं. तिनं पाळी बदलून घेतली आणि ठरवलं, पोरीला रोज सकाळी बाहेर न्यायचं. काही झालं तरी न्यायचं.

“ठसा दिलाय ना तिला?” शेजारची लतिका म्हणाली. “मग उन्हात कशाला करपवतेस पोरीला?”

“ठसा दुसऱ्या कुणाचा तरी आहे गं, लतिका.”

“दूध तरी कुठं आपलं पाजलंस? पावडरच ना?”

इमारतीमागं कुणीतरी कधीकाळी लावून विसरलेली जांभळीची झाडं होती. तिथं पोचताच पालवी अशी सुटली, की वृंदा बघतच राहिली. दगडावरून दगडावर, उतारावरून खाली, एकदाही न अडखळता. अडखळत होती ती वृंदाच. मग पालवी एका बुंध्यापाशी गेली, हातांत तोंड लपवलं आणि दहा, वीस, तीस करत शंभरावर पोचली. वर गाणंही म्हणाली:

लप लप पाखरा, पानाआड,
वारा सांगेना, सांगेना झाड,
उन्हात सावली झाली रे लांब,
येते मी शोधत, तिथंच थांब.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. वृंदा हसत हसत पाण्याच्या टाकीमागं लपली. पावलं आली. पालवीनं तिच्याकडं नीट बघितलं.

“तू नाहीस गं, आई,” ती म्हणाली, आणि पुढे गेली.

ऊन चढेपर्यंत ती शोधत होती. दाराशी आल्यावर खाली बसली, उठेना.

“टिल्लू राहिलाय.”

रोज तेच. एकदा एक फुलपाखरू तिच्या खांद्यावर येऊन बसलं नि उडून गेलं. तिला कळलंही नाही. झाडाला तोंड लावून उभी असली की तिची इवलीशी पाठ ताठ व्हायची, मागून कुणी यायचं असावं तशी.

डॉ. सुलभा नाईकवाड्यांनी अंगणठसा घडवला होता. वृंदा त्यांच्यापुढं बसली आणि तिनं सरळ विचारलं, “डॉक्टर, टिल्लू कोण?”

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. “वैजूचा चार वर्षांचा धाकटा भाऊ. ठसा वैजूचा आहे. दिवसभर बाहेर खेळणारं मूल शोधत आम्ही पार कोकणातल्या एका सड्यावर, उघड्या कातळपठारावर गेलो, तिथं ही सापडली. दुसरं कुणी मिळालंच नाही.”

“म्हणजे इथल्या सगळ्या मुलांना?”

“सगळ्यांना वैजूच.”

“मग पालवीला तो सापडत का नाही?”

“सड्यावर एक जुनी चिरेखाण होती. चिरे काढून उरलेला खड्डा, पाण्यानं भरलेला. टिल्लू तिकडं लपायला गेला. त्या दिवशी वैजूच्या डोक्यावर लहरी टिपणारी आमची टोपी होती. पुढचं आम्ही कापलं, वृंदाताई. पोरांना कशाला ते दुःख? ती शोधायला निघते, तिथपर्यंतच ठेवलं.”

“दुःख काढलंत आणि वाट बघणं ठेवलंत.”

“ते काढता येत नाही हो. आठवण काही एका कप्प्यात नसते. चित्र एका जागी, आवाज दुसऱ्या जागी. आणि ओढ सगळीकडंच मुरलेली, धावण्यात, श्वासात. ओढ काढली असती तर धावणंही गेलं असतं.”

“आता काय करू?”

“करताय तेच. रोज बाहेर न्या. अजून वर्षभर तरी मेंदू मऊ असतो. तिचं स्वतःचं अंगण उगवलं की ठसा खाली दबेल.”

“उगवणार कसं? ती काही बघतच नाही. नुसती शोधते.”

डॉक्टर खिडकी नसलेल्या भिंतीकडं बघत राहिल्या. “टिल्लू दर वेळी मागून यायचा. पाठीवर चापट मारून धप्पा द्यायचा. ठशात तसे खूप धप्पे आहेत. शेवटचाच तेवढा नाही.”

“तो मिळाला तर?”

“मिळाला तर खेळ पुरा होईल. होईल, असं वाटतं.”

“तुम्ही खेळलायत हा खेळ?”

“मी? अहो, मी चाळिसाव्या मजल्यावर वाढले.”

वृंदाही तशीच वाढली होती.

दुसऱ्या सकाळी लतिकाही आली. तिच्या मल्हारला आणि मजल्यावरच्या आणखी तीनचार पोरांना घेऊन. “बघू तरी काय जादू आहे तुझ्या मैदानात!” मुलं खाली उतरली, पांगली आणि कुणी न सांगता एकेका झाडाला तोंड लावून उभी राहिली. लपायला कुणीच गेलं नाही.

वृंदा पालवीच्या मागं गेली. चारही बोटं जुळवून तिनं हात होईल तेवढा लहान केला. आवाजही लहान केला.

“धप्पा!”

पालवीचे ताठलेले खांदे खाली आले. ती हसली. असं खळखळून हसणं वृंदानं तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. “आलास होय रे! कित्ती वेळ लावलास!”

वृंदाचे डोळे भरून आले. आता ही वळेल. झाड बघेल, आभाळ बघेल, मला बघेल. पण पालवीनं कपाळ पुन्हा बुंध्याला टेकवलं.

“पालू, अगं आला ना तो? संपला ना खेळ?”

“संपला कसा? धप्पा बसला की परत माझ्यावरच राज्य.” आवाज हातांच्या ओंजळीतून येत होता, आनंदानं भिजलेला. “आई, बाजूला हो ना. त्याला लपू दे.”

बाकीच्या झाडांपाशी सगळं शांत झालं होतं. तोंड न वळवता मल्हार हळूच म्हणाला, “मला पण.” मग पलीकडून कुणीतरी, “मला पण.” जांभळीच्या सावलीत त्या साऱ्या लहान लहान पाठी ताठ झाल्या, वाट बघू लागल्या.

“कशी रमलीत बघ गं!” लतिका हरखून म्हणाली. “उद्यापासून सगळ्या इमारतीला सांगते. रोज आणायचंच मुलांना!”

वृंदा एकेका झाडापाशी गेली. एकेका पाठीवर तिनं तो लहान केलेला हात टेकवला. मग टाकीमागं जाऊन बसली, गुडघे पोटाशी घेऊन, चार वर्षांच्या पोराएवढी होऊन. माळावर सगळे आवाज एका सुरात चालू झाले: येते मी शोधत, तिथंच थांब.

पावलं आली. अगदी जवळ येऊन थांबली. आणि पुढे गेली.