विहिरीतली दाढ

“लघवीले तरी सोडान का नाई, पाटीलबाई?”

ग्रामपंचायतीच्या बंद खोलीतून लखीराम कुरकुरला. मेडशीची पोलीस पाटील राखी दाराला कान लावून उभी होती. विहिरीचा मालक पुंजाजी शेजारीच उभा, किल्ली त्याच्या करगोट्याला. पोलिसांची गाडी निघाली होती. ती येईतो चोर सापडला नाही, तर लखीराम कोठडीत जाणार.

पुंजाजीच्या विहिरीत खोदताना दाढ लखीरामलाच सापडली होती. लादीपावाएवढी, वर कौलारू छपरासारख्या रांगा. राखीनं फोटो नागपूरच्या तज्ज्ञांना पाठवला. उत्तर आलं: हत्तीचा फार जुना भाऊबंद, त्याचा वंशच बुडाला, हा बहुधा नदीच्या गाळात रुतून मेला. आम्ही येईपर्यंत खोदकाम थांबवा.

आज दाढच गायब.

“कोठं ठेवली होती?”

“पुंजाजीकाकाच्या मांडवात. मी तं आमच्या बंजाऱ्यायच्या तांड्यावर गेलो.”

“कोणी पाह्यलं?”

“बकऱ्यायनं. त्यायची साक्ष चालते का?”

राखी हसली नाही. ती पुंजाजीकडे वळली. त्यानं बोटं धोतराला पुसली.

“तंबाखूचा चुना हाय,” तो म्हणाला. राखीनं विचारलंच नव्हतं.

“चला काका, वावर दाखवा.”

पुंजाजीची बायको तुळसाबाई पाण्याचा गडू घेऊन मागोमाग आली. शेताच्या कडेला धुऱ्यावर, पळसाखाली पांडव मांडलेले, पूजेचे दगड. पांढरेशुभ्र, ऐन उन्हाळ्यात.

“काकू, पांडवायले चुना कदी लावता?”

“दिवाळीले,” तुळसाबाई म्हणाली.

“मंग हा ओला कसा? अन् हे सहा कसे? कर्णही आला का राह्याले?”

राखीनं गडू घेऊन शेवटच्या दगडावर ओतला. चुना वाहिला. खालून छपराच्या रांगा वर आल्या.

“खोदकाम थांबलं तं इहीर अर्धीच राहीन, ह्याचं भेव वाटलं तुमाले,” राखी म्हणाली. “फेकून द्यायले हात धजला नाई, देवाचं असलं तं? म्हून पांडवात बसवली. तेवढं समजलं मले. पण लखीरामले काहून कोंडलं?”

“लोकं म्हणले...”

“कोण लोकं?”

तुळसाबाईनं पुंजाजीच्या करगोट्याची किल्ली सोडली, पदरात घट्ट धरली.

“तो तांड्यावरचा हाय, म्हून,” ती म्हणाली. “आपल्यातला असता तं तुमाले कुलूपच सापडलं नसतं.”