उजव्या बाजूचा नमुना

शेखर जोडतो आणि मी मोजते. घोटावड्यात रस्त्याला लागून त्याचं गेट-ग्रिलच्या वेल्डिंगचं दुकान आहे. मी सतरा वर्षं एका कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. तयार झालेला भाग कागदावरच्या मापाशी जुळतो की नाही ते बघायचं, नाही जुळला तर बाजूला काढायचा. शेखर माझ्या आत्याचा मुलगा, त्यामुळे लग्नाआधीचं अरे-तुरे तसंच राहिलं. त्याच्या भावांनी शेजारच्या माण गावात खोल्या बांधून आयटीवाल्यांना भाड्याने दिल्या. आम्ही इथंच राहिलो. मूलबाळ नाही. रविवार मोकळे असतात.

गाडी आम्ही गेल्या दिवाळीनंतर आणली. पौडच्या बाजारात चाँदभाईंचं हार्डवेअरचं दुकान आहे, शेखर वेल्डिंगच्या कांड्या त्यांच्याकडूनच घेतो. दुकानामागे ताडपत्रीखाली एक बुटकी, लाल, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार तीन वर्षं पडून होती. आम्ही ताडपत्री उचलली तेव्हा तळातून गवत वर आलं होतं. उजवी बाजू जवळजवळ नवी. डावी बाजू मुठीत चुरगाळलेल्या कागदासारखी.

“फारूकची हाय,” चाँदभाई म्हणाले. “कोळवणच्या रस्त्याला आंब्यावर गेली. पोरगं जागीच गेलं.”

त्यांच्या बायकोने, जोहराबींनी, आम्हाला आत बसवून चहा दिला आणि मुलाचा फोटो दाखवला. सत्तावीस वर्षांचा होता. उजव्या डोळ्याखाली तीळ, हसताना तोंड डावीकडे जास्त ओढलेलं.

“तोडायला दिली न्हाई मी कुनाला,” त्या म्हणाल्या. “तुमी चालती करनार असाल तर न्या. कुनीतरी बसावं तिच्यात.”

भंगाराच्या भावाने त्यांनी ती आम्हाला दिली. टेम्पोत चढवताना जोहराबी बाहेर आल्या नाहीत.

गाडीच्या सांगाड्यात कंपनीने पाडलेली ठरावीक भोकं असतात. पुढच्या डाव्या भोकापासून मागच्या उजव्यापर्यंत, मग उलट, अशी दोन तिरकी मापं घ्यायची. दोन्ही सारखी भरली पाहिजेत. आमची एकतीस मिलिमीटरने चुकत होती. मी नवी वही काढली. पहिल्या पानावर तारीख, माप, कुठला पत्रा फाटलाय, कुठला वाकलाय ते लिहिलं आणि खाली सवयीने लिहिलं: चालक जागीच मृत.

गॅरेजमध्ये सांगाडा ओढून घ्यायला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात आमचं वर्ष निघतं. शेखरने मागच्या अंगणात दोन लोखंडी खांब काँक्रीटमध्ये रोवले, गाडी मागून त्यांना जखडली आणि पुढून साखळीची पुल्ली जांभळाच्या झाडाला बांधली. तो साखळी ओढायचा, मी टेप धरायचे. पुल्लीचा एक दात सरकेल एवढंच ओढायचं, थांबायचं, मोजायचं. पत्रा आतून कुरकुरायचा. दुपारी तिथंच सावलीत भाकरी आणि ठेचा. समोर भात काढलेली खाचरं, त्यांच्यापलीकडे कारखान्याची शेड. मला बऱ्याच वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. शेखर काम करताना गुणगुणतो हे मी विसरूनच गेले होते.

तिसऱ्या रविवारी फरक बारावर आला.

मंगळवारी शेखर कांड्या आणायला पौडला गेला आणि आल्यावर म्हणाला, “आपन चुकीचं ऐकलं व्हतं. फारूक जागीच न्हाई गेला. चार दिवस दवाखान्यात व्हता म्हने.”

“कोण म्हणालं?”

“चाँदभाईच.”

दुःखात माणूस एकच गोष्ट दहा तऱ्हांनी सांगतो. मी विषय सोडला. पण वही उघडून बघितली. माझंच अक्षर होतं.

जानेवारीत फरक दोनवर आला. दोन म्हणजे चालतं, कंपनीही तेवढं सोडते. त्या आठवड्यात जोहराबी बाजारात भेटल्या. गाडीची चौकशी केली, मग आपण होऊन म्हणाल्या, “आठ महिने झोपून काढलं पोरानं. मला वाटलं व्हतं उठंल.”

कोथिंबिरीची जुडी हातात तशीच धरून घरी आले. शेखरला सांगितलं. तो बराच वेळ साखळीला तेल देत राहिला.

पुढचं काम डाव्या दाराचं आणि चाकावरच्या पत्र्याचं. नवीन पत्रे मिळत नव्हते, परदेशातून मागवणं आमच्या आवाक्याबाहेर. पण उजवी बाजू शाबूत होती. मी तिच्यावर जाड पुठ्ठे लावून दर दहा सेंटिमीटरला नमुना कापला, पुठ्ठे उलटे केले आणि डाव्या बाजूला धरले. जिथं फट दिसेल तिथं शेखरने ठोकायचं. कधी खालून ऐरणीचा तुकडा धरून, कधी लाकडी हातोडीने. दाराचा खांब तापवून सरळ केला, फाटलेल्या ठिकाणी पट्टी जोडली. फेब्रुवारी संपताना डाव्या बाजूला उजव्या बाजूचा आकार आला होता.

त्यानंतर आम्ही दोघं मिळून पौडला गेलो. मुद्दाम गेलो. मी चाँदभाईंना सरळ विचारलं, “फारूकला जाऊन किती वर्षं झाली?”

चाँदभाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली.

“असं वंगाळ का बोलता, ताई?” ते म्हणाले. “तमन्नाकडं हाय पुन्याला, भनीकडं. डावा पाय धरत न्हाई अजून. पन हाय.”

आतून जोहराबींचा आवाज आला. फोनवर बोलत होत्या, कुणाला तरी औषध वेळेवर घ्यायला सांगत होत्या.

मला आनंद झाला होता, हे खोटं नाही सांगत. घरी येऊन मी वहीत प्रत्येक दुरुस्तीपुढे फारूकची त्या-त्या वेळची बातमी लिहिली.

एकदा जुळलं तर योगायोग म्हणतात. आमच्या विभागात तिसऱ्यांदा जुळलं की नोंद करावी लागते. आम्ही तीन आठवडे गाडीला हात लावला नाही. त्या तीन आठवड्यांत शेखर दोनदा पौडला जाऊन आला. फारूक तसाच होता, पाय तसाच. मग एका रविवारी सकाळी, अकराच्या सुमारास, मी शेखरला फक्त क्लचचं पेडल काढायला सांगितलं. डाव्या पायाचं पेडल, ते दुमडलं होतं. त्याने शेगडीत तापवून सरळ केलं, मी उजवीकडच्या पेडलशी ताडून बघितलं, आणि बसवलं.

सव्वाचारला जोहराबींचा फोन आला. त्या रडत होत्या. फारूक काठी न घेता जिना उतरला होता.

शेखर ओट्यावर बसला. “थांबायचं का?”

“आत्ता थांबलो तर तो असाच राहील. अर्धवट.”

“आन् पुढं गेलो तर?”

ते मला मोजता येत नव्हतं. मी म्हटलं, “त्यांचा फोन ऐकलास ना तू.”

त्याने मान हलवली आणि हातमोजे उचलले.

मार्च-एप्रिल आम्ही खपून काम केलं. पुट्टी भरली, पाणी मारत पॉलिश पेपरने घासली, पुन्हा भरली. मी डोळे मिटून तळहात फिरवायचे. डोळ्याला न दिसणारा उंचवटा हाताला कळतो. रंग शेखरने अंगणात प्लॅस्टिकचा तंबू करून मारला. इंजिन एका सकाळी तिसऱ्या फटक्याला सुरू झालं आणि आम्ही दोघं शहाण्यासारखे गंभीर चेहऱ्याने एकमेकांकडे बघत उभे राहिलो, मग हसायलाच लागलो. त्याच दिवशी कोळवणच्या रस्त्याने चक्कर मारली. शेजारून एसटी गेली तर खिडकीतली माणसं वळून बघत होती. वळणावरच्या आंब्याशी शेखरने गाडी थांबवली. मी उतरून खोडाभोवती फिरले. साल सगळीकडे सारखी होती.

फारूक मे महिन्यात आला. सकाळची वेळ, वडापच्या जीपमधून फाट्यावर उतरून चालत आला. हातात मिठाईचा पुडा. दोन्ही पाय नीट टाकत होता.

“अम्मी लई खूश हाय तुमच्यावर,” तो म्हणाला. “म्हनाली, जाऊन भेटून ये.”

शेखरने खुर्ची दिली. मी चहा ठेवला. तो अब्बांबरोबर दुकानात बसायला लागला होता. गाडीचं विचारलं तर म्हणाला, आंब्याला घासली होती, मन उडालं, म्हणून विकली. एवढंच. बोलणं साधं, नम्र. मला तो आवडला.

चहा घेऊन तो गाडीपाशी गेला. डाव्या बाजूवर हात फिरवला. मग उजव्या.

“दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्यात,” तो म्हणाला. “नवी व्हती तवा पन इतक्या न्हवत्या.”

आणि माझ्याकडे वळून हसला.

तोंड दोन्हीकडे सारखंच ओढलं गेलं.

उजव्या डोळ्याखाली तीळ होता. डाव्या डोळ्याखालीही. नाकापासून तेवढ्याच अंतरावर.

माणसाच्या चेहऱ्याच्या दोन बाजू जुळत नाहीत. कुणाच्याच नाहीत. भुवई, कान, ओठाचा कोपरा, कुठंतरी फरक असतोच. मला नजरेने अर्धा मिलिमीटर कळतो.

मी फरक शोधत राहिले.

तो उभा होता, शांत, मला बघू देत.

“काय झालं, ताई?”

“काही नाही,” मी म्हटलं. “बरा दिसतोस.”

“बराच हाय,” तो म्हणाला.

गाडी परत हवी का असं शेखरने विचारलं, तर नको म्हणाला, तुमीच चालवा, तुमच्या हातची हाय. निघताना त्याने शेखरला ईदला भेटतात तशी मिठी मारली, आधी एका खांद्याला, मग दुसऱ्या. पाणंदीच्या वळणापर्यंत आम्ही त्याला बघत होतो. चालताना अंगणातल्या धुळीत त्याचे पाय सारख्या अंतरावर उमटले होते.

संध्याकाळी जोहराबींचा फोन आला. पोरगा जेवला, झोपला, सगळं सांगितलं. त्यांचा आवाज ऐकून मला वाटलं, आपण केलं ते बरंच केलं. अजूनही तसंच वाटतं.

शेखर ओट्यावर पाय सोडून बसला होता. दुपारपासून तो गुणगुणला नव्हता.

“शुभा,” तो म्हणाला, “मानसाचं काळीज डावीकडंच असतं ना?”

“हो. का?”

त्याने हात स्वतःच्या छातीवर ठेवला, मग दुसऱ्या बाजूला नेला.

“त्याच्या मिठीत मला ठोके दोन्हीकडं लागले,” तो म्हणाला. “दोन्ही एकदमच वाजत व्हती.”