टिटवीवरची पांढरी अक्षरं

थेंब दोन मिलिमीटर रुंदीचा होता. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या लाँचच्या करड्या पत्र्यावर तो पसरला नाही. जवळजवळ पूर्ण गोल राहून क्षणभर थरथरला आणि घरंगळून गेला. मागे ओलसुद्धा उरली नाही.

निलांबरीने ड्रॉपर खाली ठेवला. "आजोबा, पाणी तर चिकटतच नाही. मग गंज आला कुठून?"

आजोबांचं लक्ष पत्र्यावर होतं. चुंबकी चाकांचा एक छोटा यंत्रमानव पत्र्यावर फिरत होता. ध्वनिलहरी सोडून तो पत्र्याची जाडी मोजायचा. "चार पूर्णांक नऊ मिलिमीटर," तो सांगत होता. "चार पूर्णांक नऊ." नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकाशी) पांढऱ्या अक्षरांत 'टिटवी' लिहिलं होतं. तिथे गंजाने रंग फुगला होता. "तीन पूर्णांक दोन."

"परत मोज," आजोबा म्हणाले.

"तीन पूर्णांक दोन."

"परत मोजून तो काय वाढवून सांगणार, नाना?" हुसेनभाई म्हणाला. टिटवी तोच चालवायचा. खाडीपलीकडची तेवीस मुलं तिच्यातून शाळेला यायची. "आत्ता घासलं तर पत्रा वाचेल. अजून एक पावसाळा काढलात तर भोक पडेल. अशा लाँचमध्ये मी पोरं बसवणार नाही, सांगून ठेवतो."

"पण पाणी न चिकटणारा लेप होता ना?" निलांबरीने विचारलं.

"लेप कार्बनच्या नॅनोनलिकांचा आहे," आजोबा म्हणाले. नॅनोनलिका म्हणजे केसाहून हजारो पटींनी बारीक, पोकळ नळ्या. "त्या एकमेकींत गुंतून पडतात. मधल्या फटींत हवा अडकते. थेंब नळ्यांच्या टोकांवर आणि त्या हवेवर तोलून राहतो, पोलादाला शिवत नाही. थर इतका पातळ, की खालचं सगळं दिसतं."

"मग इथेच काय बिघडलं?"

"लेपाआधी पोलाद उजळ होईपर्यंत घासायचं. मग विद्युतरोधक अस्तर (वीज वाहू न देणारा थर), त्यावर लेप. सगळी लाँच मी तशीच केली. इथे मात्र जुन्या रंगावरच लेप दिला. रंग सुटला, लेपाला चीर गेली, खारं पाणी आत शिरलं. आणि कार्बन विजेचा सुवाहक (वीज सहज वाहू देणारा). खाऱ्या पाण्यात तो पोलादाला टेकला, की पोलादातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो. पोलाद आणखी भरभर गंजतं."

"हे तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग घासायचं ना!" निलांबरी म्हणाली. मग तिने अक्षरांकडे पाहिलं. ती आईने लिहिली होती. 'टि'ची वेलांटी घाईत ओढलेली, 'वी'खाली रंगाचा एक ओघळ. दोन वर्षांपूर्वी आई तापाने गेली, त्याच महिन्यात आजोबांनी लेप दिला होता.

हुसेनभाईचा आवाज खाली आला. "गेल्या वर्षी म्हणालात, दिवाळी होऊ दे. मग म्हणालात, शिमगा होऊ दे. फोटो काढून ठेवा की, नाना."

"फोटो आहेत रे. पण हा तिचा हात आहे."

निलांबरीने 'वी'खालच्या ओघळाला बोट लावलं.

"आजोबा, या वेळी अस्तर नीट दिलं, तर टिटवी किती वर्षं चालेल?"

"नीट दिलं, चिरा वेळेवर बुजवल्या, तर तुझी मुलंही तिच्यातून शाळेला जातील."

"मग आई असती तर काय म्हणाली असती?"

आजोबांनी अक्षरांवरून एकदा तळहात फिरवला.

"घास, हुसेन," ते म्हणाले. "नावासकट घास."