आबांचा स्टुडिओ चालू आहे!

"गेलं! परत गेलं!" ताई खोलीत लॅपटॉपसमोर जवळजवळ किंचाळलीच.

चार वाजता तिची ऑनलाइन मुलाखत होती, फोटोग्राफीच्या कॉलेजात प्रवेशासाठी. पडद्यावर आपले फोटो दाखवत बोलायचं, म्हणून लॅपटॉपच हवा. वेळेवर हजर नाही, तर जागा दुसऱ्याला!

"आबांच्या वेळचा लॅपटॉप तो. आणखी किती चालणार?" मामा बाहेर हॉलमधल्या सोफ्यावरून म्हणाला. "दे, दुरुस्तीला टाकतो."

"आत्ता? अरे मामा, तासाभरात मुलाखत आहे!"

तिघं भावंडं सुट्टीला मामाकडे आली होती. मधली टिकली पुढे सरसावली. "मामाच्या फोनवर वायफाय चालतंय?"

"छान चालतंय."

"म्हणजे बाहेरची लाइन ठीक आहे. लॅपटॉप काय म्हणतो?"

"म्हणतो, जोडलंय, पण इंटरनेट नाही."

"जोडलंय? कुणाला?"

टिकलीने वायफायची यादी उघडली आणि तिचा हात थबकला. सगळ्यात वर, सगळ्या रेघा भरून, नाव होतं: 'आबांचा स्टुडिओ'.

आबांना, मुलांच्या आजोबांना, जाऊन वर्ष झालं होतं. तळमजल्यावरचा त्यांचा स्टुडिओ तेव्हापासून बंद होता. घरचं नवं वायफाय वरच्या हॉलमध्ये होतं, आणि त्याचं नाव वेगळं होतं.

"मी घरचं निवडते," ताई हळूच म्हणाली, "पण थोड्या वेळाने हा आपणहून तिकडेच जातो."

"आबा बोलावतायत," धाकटा ढोल्या कुजबुजला.

"गप रे!" टिकली म्हणाली खरी, पण तिच्याही अंगावर काटा आला होता. "मामा, सकाळपासून घरात काय बदललं?"

"काही नाही. आणि स्टुडिओ बंद आहे. उगाच तिकडे लुडबुड नको!"

तो फोनमध्ये शिरला, आणि टिकली नि ढोल्या पायऱ्या उतरून खाली गेली.

स्टुडिओच्या दाराला कुलूप नव्हतं, नुसती कडी. टिकलीने ती काढली. आत मिट्ट काळोख. कुणीतरी संथ श्वास घेत असल्यासारखा आवाज. दारातून शिरलेल्या अंधुक उजेडात, आबांच्या कॅमेऱ्याच्या जागी, पांढरं काहीतरी उभं होतं. ते फुगलं. वाकलं. पुन्हा सरळ झालं!

"आबा!" ढोल्या ओरडला. "तुमचं भिंग मी नाही फोडलं! म्हणजे, फोडलं, पण चुकून!"

टिकलीने डोळे मिटून हात पुढे केला.

"ढोल्या, भूत ओलं आहे."

"काय?"

"आणि त्याला साबणाचा वास येतोय!"

चादर होती ती! वर पंखा फिरत होता. पण कोपऱ्यात, फळीवर, हिरवे डोळे लुकलुकत होते आणि एक लाल. टिकली टाचा उंचावून पाहते तो काय, आबांचा जुना राउटर! लाल दिव्याखालची जागा रिकामी होती. बाहेरून येणारी तार केव्हाच काढलेली.

"अरे, आलं लक्षात! कुणीतरी पंख्यासाठी इथली वीज चालू केली, आणि हाही जागा झाला. ताई बसलीये ती खोली बरोबर याच्या वर. लॅपटॉपला ओळखीचं नाव जवळ दिसतं, की तो धावत येतो. पण इथून पुढे जायला रस्ताच नाही!"

तिने प्लग ओढला. हिरवे डोळे एकेक करून मिटले. का कोण जाणे, ढोल्याने हळूच हात जोडले.

"ताई, आता बघ! आणि हॉलमध्ये बस, राउटरजवळ!" टिकलीने वर हाक मारली.

"लागलं!" वरून आवाज आला. "लागलं गं!"

मुलाखत संपेपर्यंत मामा जिन्यात चुळबुळत उभा होता. "मीच घातल्या चादरी वाळत. त्याला काय बदल म्हणतात होय?"

"मामा!" दोघं एकदम ओरडली.

"बरं बाबा, म्हणतात! शहाणी आहात तुम्ही, माझ्याहून कितीतरी."

इतक्यात ताई धावत आली. "मिळाला! प्रवेश मिळाला! त्यांनी विचारलं, फोटो काढायला कुणी शिकवलं. मी आबांचं नाव सांगितलं."

मामाने मुलांसोबत खाली जाऊन चादरी काढल्या आणि वर्षभर बंद असलेली खिडकी उघडली. निघताना दारात थबकून, रोजच्या सवयीने म्हणावं तसं, तो अंधाऱ्या कोपऱ्याला म्हणाला, "येतो हं, आबा."

कुणी हसलं नाही. ढोल्यासुद्धा.