निळीची गाडी

गालाला गार लागलं म्हणून केतकीला जाग आली. उशी ओली होती. तिने वर पाहिलं. गाडीच्या छताला, बरोबर तिच्या डोक्यावर, पाण्याचे थेंब लोंबत होते. तेही कसेही नाहीत, पट्टी धरून मांडल्यासारखे एका सरळ रांगेत.

बाहेर पाऊस नव्हता. डिसेंबर महिना होता आणि खिडकीतून स्वच्छ आभाळ दिसत होतं. पाण्याची टाकी गाडीच्या पोटात, पायाखालच्या फळ्यांच्या खाली होती. तिथलं पाणी छताला जाऊन लटकणं शक्यच नव्हतं.

“आबा, आपली गाडी गळतेय.”

समोरच्या बाकावर झोपलेले आजोबा ताडकन उठून बसले. “माझी गाडी? अशक्य.”

“मग माझी उशी बघा.”

आबांनी उशी चाचपली, छताकडे पाहिलं आणि ते चष्मा शोधायला लागले.

आबांनी आयुष्यभर उपग्रहांवर काम केलं होतं. उपग्रहातली यंत्रं उन्हात तापू नयेत आणि सावलीत गोठू नयेत म्हणून त्यांना कशात आणि कसं गुंडाळायचं, हे ठरवणं त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी कोल्हापूरजवळ एक शेड घेतली. विजेवर चालणाऱ्या जुन्या व्हॅन ते तिथे आणत आणि त्यांची फिरती घरं करून देत. झोपायला बाक, स्वयंपाकाला कट्टा, छपरावर सौरपट्ट्या, दगडधोंड्यांच्या वाटेसाठी उंच चाकं. लांबून लांबून लोक येत.

ही गाडी मात्र गिऱ्हाइकाची नव्हती. ती आजीसाठी होती. आजी वनस्पतींचा अभ्यास करायची आणि तिला सह्याद्रीतले सगळे सडे (जांभ्या दगडाची उघडी, सपाट पठारं) पुन्हा एकदा पाहायचे होते. “पुढच्या हिवाळ्यात नक्की,” आबा म्हणायचे आणि दुसऱ्याच कुणाची तरी गाडी आधी पुरी करायला घ्यायचे. अशा हिवाळ्यांमागून हिवाळे गेले. गाडी तयार झाली तेव्हा आजी नव्हती.

तिच्या बिया मात्र होत्या.

वाघझरीच्या सड्यावर आजीला एक बोटभर उंचीचं रोप सापडलं होतं. त्याला निळं फूल यायचं. शास्त्रीय नाव लांबलचक होतं. आजी नुसतं ‘माझी निळी’ म्हणायची. निळी दुसऱ्या कुठल्याच सड्यावर आढळली नव्हती. आजीने वर्षानुवर्षं तिच्या बिया गोळा केल्या, वाळवल्या आणि घट्ट झाकणांच्या काचेच्या बाटल्यांत भरून ठेवल्या. पुढे वाघझरीला दगडाची खाण निघाली आणि निळी संपली. आता खाण बंद झाली होती. उघड्या पडलेल्या सड्यावर पुन्हा माती पसरली होती आणि पायथ्याच्या रोपवाटिकेने निळीच्या बिया मागवल्या होत्या. नाताळच्या सुट्टीत आबा आणि केतकी त्याच पोचवायला निघाले होते. जगातल्या सगळ्या निळीच्या बिया या गाडीत होत्या. आजी जिथे जिथे हिंडली होती ते सडे वाटेत पाहायचे, म्हणून त्यांनी मुद्दाम लांबचा रस्ता धरला होता.

“चिमट्या!” आबांनी हाक मारली.

दार उघडून चिमटा आत डोकावला. चिमटा म्हणजे आबांनी शेडमध्ये हाताखाली घेतलेला यंत्रमानव. उंची गुडघ्याएवढी, हातांच्या जागी दोन चिमटे. रात्री तो बाहेर पायरीवर बसून राखण करी.

“सुप्रभात. गाडीतली आर्द्रता (हवेत वाफ किती भरली आहे त्याचं माप) ब्याण्णव टक्के.”

“काल नव्वद सांगितलीस.”

“काल नव्वद होती.”

“अरे, बाहेर गवताची काडी मोडली तर कट्कन वाजतेय, इतकं कोरडं आहे. आणि माझ्या बंद गाडीत ब्याण्णव? तुझा संवेदक (मोजमाप घेणारा भाग) बिघडलाय. बोलू नकोस.”

“बोलू नको की मोजू नको?”

“दोन्ही.”

चिमटा आज्ञाधारक होता. त्याने मोजणं बंद केलं.

आबांनी नळीतला चिकट डिंक काढला आणि खिडक्यांच्या कडा पुन्हा भरल्या. दुसऱ्या सकाळी केतकीची उशीच नव्हे, पांघरूणही दमट होतं. आबांनी मग दाराच्या फटीला रबराची दुहेरी पट्टी लावली. तिसऱ्या सकाळी खिडकीच्या काचेवरून ओघळ वाहत होते. आता छपरावरचा एक झरोका तेवढा उरला होता. आबांनी त्यात लोकर कोंबली आणि वरून पट्टी चिकटवली.

“आता मुंगीसुद्धा आत यायची नाही,” ते समाधानाने म्हणाले.

त्या रात्री बाहेर फार थंडी पडली. आत मात्र छान ऊब होती. दोघांनी गरम खिचडी केली, कपडे धुऊन आतच दोरीवर टाकले आणि गाढ झोपले.

सकाळी केतकीचं डोकं जड झालं होतं. छतावरून थेंब टपटप पडत होते. फटी जितक्या बुजवाव्यात तितकं पाणी वाढत होतं. हे उलटं कसं?

तिने दार उघडलं. पायरीवर बसून बसून चिमट्याचं अंग बर्फासारखं गार पडलं होतं. त्याच्या पत्र्यावर धूळ होती, म्हणून आत घेण्याआधी तिने त्याला फडक्याने स्वच्छ, कोरडं पुसलं. चिमटा आत आला आणि बघता बघता त्याच्या पोटावर धुकं साचलं. धुक्याचे बारीक थेंब झाले. एक थेंब ओघळून खाली आला.

“मला घाम आला आहे का?” चिमट्याने विचारलं.

“तुला कसला घाम येतोय!” केतकीने त्याला पुन्हा पुसलं. पुन्हा धुकं आलं. तिने त्याला आणखी एकदा पुसलं आणि हात तसाच थांबवला.

“आबा, चिमट्याला कुठे भोक आहे?”

“कुठेच नाही. का गं?”

“मग तो गळत नाहीये. बाहेर असताना तो कोरडा होता. आत आला आणि ओला झाला. म्हणजे पाणी बाहेरून येतच नाहीये, आबा. ते आतच आहे. आतल्या हवेत.”

आबांनी चिमट्याकडे पाहिलं. मग छताकडे. मग दोरीवरच्या कपड्यांकडे. ते हळूच बाकावर बसले.

“बोल पुढे,” ते म्हणाले, पण त्यांचा आवाज बदलला होता.

“पुढचं मला माहीत नाही. हवेत पाणी कुठून आलं?”

“काचेवर तोंडाने हाः कर.”

तिने केलं. काचेवर पांढरा गोल उमटला.

“आपण रात्रभर हेच करत होतो,” आबा म्हणाले. “प्रत्येक श्वासाबरोबर थोडी वाफ बाहेर पडते. दोन माणसं एका रात्रीत अर्धा लिटर तरी पाणी असं हवेत सोडतात. शिवाय खिचडीची वाफ, कपड्यांची वाफ. उबदार हवेत बरीच वाफ मावते. तीच हवा गार झाली की कमी मावते. गार होता होता अशी एक पातळी येते, की त्याहून खाली गेलं तर जास्तीची वाफ पाणी होऊन बाहेर पडते. त्याला दवबिंदू म्हणतात (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान). गवतावर पहाटे दव पडतं ते यामुळेच. चिमट्याचं पोट दवबिंदूपेक्षा गार होतं. काचही.”

“आणि छत? छताच्या आत तर तुम्ही मेंढीची लोकर भरलीये.”

“फासळ्यांच्या मधे भरलीये. छताला आडव्या लोखंडी फासळ्या असतात. त्यांच्यावर नुसतं कापड आहे. बाहेरची थंडी फासळीतून सरळ आत येते. त्याला उष्णतासेतू म्हणतात (जिथे लोकरीचा अडथळा चुकवून उष्णता सहज ये-जा करते ती जागा).”

“म्हणून थेंब सरळ रांगेत!”

“म्हणून सरळ रांगेत.” आबांनी कपाळावरून हात फिरवला. “पाणी बाहेरून येतंय असं मी धरून चाललो आणि वाफेला बाहेर जायचा एकेक रस्ता माझ्या हाताने बुजवला. मी आयुष्यभर बंद खोकी बनवली, केतकी. एक फट राहिली तर झोप लागायची नाही मला. पण त्या खोक्यांमध्ये कुणी श्वास घेत नव्हतं.”

चिमट्याने चिमटा वर केला. “बोलू का?”

“बोल.”

“भिंतीलाही फासळ्या आहेत.”

आबा एकदम उठले. त्यांच्या बाकाखाली, भिंतीला टेकून, एक लाकडी खण होता. गाडीतली सगळ्यात गार जागा म्हणून त्यांनी तो निळीच्या बियांसाठी केला होता. आजीच्या काचेच्या बाटल्या खडकाळ रस्त्यावर फुटतील आणि दिवसभर खुळखुळतील, अशी त्यांना धास्ती होती; गाडीतला खुळखुळाट तर त्यांना मुळीच खपत नसे. म्हणून निघण्याआधी त्यांनी बिया बाटल्यांतून काढून मऊ कापडी पिशव्यांत भरल्या होत्या. खणात त्या इतक्या नेटक्या बसल्या होत्या की घाटातल्या वळणांवरही हूं की चूं नाही.

खण सहज उघडला नाही. लाकूड फुगलं होतं. आबांनी जोर लावला तसा वास आला, ओल्या कापडाचा. पिशव्यांवर राखाडी बुरशी चढली होती.

आबांनी एक पिशवी तळहातावर रिकामी केली. बियांचा काळपट चिखल झाला होता. दुसरी पिशवी. तिसरी. ते घाई करत नव्हते. प्रत्येक पिशवी उघडून, बघून, ते बाजूला ठेवत होते. केतकीला वाटलं, त्यांनी ओरडावं, काहीतरी आपटावं. त्यांनी तसं काहीच केलं नाही.

“बाटल्यांत चांगल्या होत्या,” एवढंच ते म्हणाले. “ती म्हणाली होती, झाकण उघडू नका.”

केतकीने खाली बसून उरलेल्या पिशव्या पाहायला घेतल्या. भिंतीपासून सगळ्यात दूरच्या पिशवीवर बुरशी कमी होती. तिने ती तळहातावर उलटी केली. काही बियांमधून पांढरा, केसाएवढा कोंब बाहेर आला होता.

“आबा, या उगवल्यात.”

आबांनी भिंग घेतलं. खूप वेळ पाहिलं.

“ओल मिळाली आणि ऊब मिळाली. पावसाळा आला असं वाटलं बिचाऱ्यांना,” ते म्हणाले. “चुकीच्या ऋतूत जाग्या झाल्या. आता यांना परत झोपवता येत नाही.”

“पण जगवता तर येईल?”

आबा शिडी घेऊन छपरावर गेले. झरोक्यातली लोकर उपसून काढली आणि स्वतःच्या गुळगुळीत, बिनफटीच्या गाडीला दुसऱ्या टोकाला ड्रिलने आणखी एक भोक पाडलं. एकीकडून कोरडी हवा आत यावी आणि दुसरीकडून दमट हवा बाहेर जावी म्हणून दोन वाटा हव्यात, असं त्यांनी वरूनच केतकीला ओरडून सांगितलं. ड्रिलचा आवाज थांबल्यावर ते बराच वेळ खाली उतरले नाहीत.

कोंब फुटलेल्या बिया केतकीने एका ताटलीत, गाडी उभी होती त्या सड्यावरच्या चिमूटभर मातीत ठेवल्या. पाणी घालायला ती टाकीच्या नळाकडे गेली आणि मागे फिरली. टाकीत शेवटच्या गावातलं बोअरचं खारट पाणी होतं. तिने फडकं घेतलं, काचेवरचे ओघळ टिपले आणि ते ताटलीत हळूच पिळलं. वाफेचं झालेलं पाणी; त्यात क्षार नव्हते. थेंब मातीत जिरले.

“हे आपल्या श्वासाचं पाणी,” ती चिमट्याला म्हणाली.

“नोंद घेतली,” चिमटा म्हणाला.

आबांनी लांबचा रस्ता सोडला. संध्याकाळपर्यंत ते वाघझरीच्या पायथ्याला पोचले. रोपवाटिका शबानामावशी सांभाळत होती. ती आजीची विद्यार्थिनी. ती फाटकातच उभी होती आणि तिच्यामागे बियांसाठी तयार केलेले वाफे लांबवर पसरले होते.

आबा खाली उतरले. “शबाना, मी मॅडमच्या बिया घालवल्या,” त्यांनी सरळ सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मागे वळून एकदा रिकाम्या वाफ्यांकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. मग ती केतकीच्या हातातल्या ताटलीवर वाकली आणि ओठ हलवत मोजत राहिली.

“नऊ,” ती म्हणाली. “सगळी जगणार नाहीत. कुंडीत घेऊ, काचघरात ठेवू. फूल येईल तेव्हा येईल. बी धरलं तर पहिल्या वर्षी मूठभर, पुढे जास्त.”

“सडा कधी भरेल?” केतकीने विचारलं.

“तू माझ्याएवढी होशील तेव्हा, बहुतेक.”

परतीच्या वाटेवर गाडी थंड असे. दोन्ही झरोक्यांतून वारा यायचा आणि दोघं स्वेटर घालून झोपायचे. उशी मात्र कोरडी असायची. सकाळी जाग आली की आबा अंथरुणातूनच विचारायचे, “चिमट्या, किती?”

“छप्पन्न.”

“शाबास. उद्याही सांग.”

मार्चमध्ये केतकी शेडवर गेली तेव्हा आबा बाकावर बसून लोकर विणत होते. वीण वाकडीतिकडी होती. गाडीचा खण आता भिंतीपासून दूर, मधोमध आला होता, आणि त्यात आजीच्या रिकाम्या बाटल्या उभ्या होत्या. एकेकीला त्यांनी लोकरीचा मोजा घातला होता.

“हलवून बघ,” आबा म्हणाले.

केतकीने खण जोरात हलवला. जराही आवाज झाला नाही.

“एवढंच करायचं होतं,” आबा म्हणाले, आणि पुढचा मोजा विणायला घेतला.

केतकीने शबानामावशीने पाठवलेला फोटो त्यांच्यासमोर धरला. नऊपैकी पाच रोपं तग धरून होती. एकाला, मुगाच्या दाण्याएवढी, कळी आली होती. ती अजून हिरवी होती.