उशीवरची ओल

"सर्दी दोन्हीकडून गळते, ताई. एकीकडूनच गळालं तर घरी थांबू नका," असं दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या मावशींनी तिला बजावलं होतं. सहा वर्षांची लेक घसरगुंडीवरून तोंडावर आपटली होती आणि नाकाचं हाड बसवून मायलेकी घरी निघाल्या होत्या. आईने हसून मान डोलावली. शिकलीसवरलेली बाई, दुखण्याखुपण्याचं डॉक्टरांना विचारायचं, एवढं तिला कळत होतं.

पंधरा दिवसांनी लेक बुटाची नाडी बांधायला वाकली आणि डाव्या नाकपुडीतून नितळ पाणी टपटपलं. दोन डॉक्टरांनी सर्दी म्हणून बोळवण केली. "आई, तुम्ही फार काळजी करता," हे तर तिला पाठच झालं. तिसऱ्याने, त्याच दवाखान्यातल्या सर्जनने, नीट तपासलं. हे मेंदूभोवतीचं पाणी, तो म्हणाला. कवटीच्या तळाला चीर गेली आहे, ती बुजवली नाही तर जंतू थेट मेंदूपर्यंत जातील. मांडीतला पातळ पडदा काढून त्याने नाकातूनच त्या चिरेला ठिगळ लावलं.

नाक कोरडं झालं. दुसऱ्या सकाळी उशी मात्र ओली होती.

वाटीएवढा डाग, उजवीकडे. लेक तर डावीकडे, आईच्या दंडावर डोकं ठेवून झोपली होती. नर्स म्हणाली, पाणी सांडलं असेल. अभ्रा बदलला, मग उशीच बदलली. तिसऱ्या सकाळी त्याच जागी तेवढाच डाग.

तिचं डोकंच फिरलं. तिने अभ्रा बाटलीत पिळला आणि भांडून तपासायला पाठवला. अहवाल आला: मेंदूभोवतीचंच पाणी. सर्जनने दुर्बीण घालून पाहिलं. ठिगळ घट्ट, टिपूसही नाही.

"मग हे कुणाचं?"

"नमुन्यांची अदलाबदल झाली असेल," म्हणत त्याने कागद खणात सारला.

मावशी फडकं पिळत होत्या. या कॉटवर आधी एक रंगारी होता, त्यांनी सांगितलं. शिडीवरून पडलेला. नाक उजवीकडून गळायचं. सर्दीच्या गोळ्या देऊन त्याला घरी पाठवलं.

"मी बोलले होते, ताई. माझं कोण ऐकतं? तुम्ही तरी ऐकलंत का?"

ती तडक कचेरीत गेली. रंगाऱ्याचा पत्ता देता येत नाही म्हणाले, नियम आहे. माणसाला तसंच गळतं घरी धाडताना कुठे गेला होता यांचा नियम? शेवटी तिने फोन तेवढा लावायला लावला. रिंग वाजत राहिली.

चौथ्या सकाळी डाग ताटाएवढा झाला. पाचव्या सकाळी गादीपर्यंत उतरला.

सहाव्या सकाळी उशी कोरडी होती.

"बघा, थांबलं ना?" नर्स हसली.

तिने हात लावून पाहिला. उजवीकडे डोक्याएवढा खळगा होता. गार.

तो फोन अजून कुणी उचललेला नाही, म्हणून तिचं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुमच्या गल्लीत कुणी रंगारी शिडीवरून पडून घरी असेल, तर आजच जा. सर्दी झालीय, झोपलाय, असं घरच्यांनी सांगितलं, तरी आत जाऊन बघा.